रखमीकाकूच्या खळ्यावरची अदलाबदल

आटगाव स्टेशनापासून पाऊण तास चालत गेलं की आमचा पाडा लागतो. त्या पाड्यात माझी रखमीकाकू बोलण्यासाठी प्रसिद्ध होती. तिचा नवरा, माझा धाकलूकाका, दिवसाला दहाएक शब्द बोलायचा, त्यातले चार बैलांशी. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती आणि दोघांचं बरं चाललं होतं. एकीला बोलायचं असे, दुसऱ्याची काही हरकत नसे.

२००३ साली त्यांचा मुलगा सुदाम कारखान्यात कामाला लागला आणि त्यानं घरात टीव्ही आणला. केबलची वायर झाडाझाडांवरून ओढत आणली होती. दुपारी जेवणं आटोपली की पाड्यातल्या बायका काकूच्या पडवीत जमायच्या. दीड वाजता एक हिंदी मालिका लागायची. मुंबईतली दोन जोडपी, एकमेकांचे जिवलग मित्र, सुट्टीला एका बंगल्यावर जातात आणि तिथं गमतीगमतीत जोडीदारांची अदलाबदल करतात. झालं ते एका दिवसात. पुढचे तीन महिने चौघं नुसते रडत होते. त्यांची नावं बायकांना आठवायची नाहीत, म्हणून त्यांनी आपली ठेवली होती: चष्मेवाला, उंच्या, लिपस्टिकवाली आणि रडकी.

पहिला आठवडा बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. दुसऱ्या आठवड्यात पदर सुटले.

"असा कंदी कोन करतं का गो?" शेजारची ठकी विचारायची.

"बिल्डिंगीत करत असतील. आपल्याला काय ठाव?" काकू म्हणायची. रडकीवर तिचा भारी राग होता. "सोता हो बोलली ना? मंग आता कशाला रडतेस? ऊठ, भांडी घास!"

अडचण एकच होती. पावणेदोनला लोडशेडिंग सुरू व्हायचं. म्हणजे बायकांना रोज अर्धीच मालिका मिळायची. उरलेली अर्धी काकू सांगायची. तिला ती कुठून कळायची, हे कोणी विचारलं नाही. पंखा थांबला, पडदा काळा झाला की ती मांडी बदलायची आणि "मंग काय झाला..." करून सुरू व्हायची. तिच्या अर्ध्या भागात चष्मेवाला आजारी पडला, रडकीला माहेरची माणसं न्यायला आली, उंच्यानं तिच्याशी चोरून लग्नसुद्धा लावलं. दुसऱ्या दिवशी पडद्यावर भलतंच निघालं तर काकू शांतपणे सांगायची, "काल रडकी रागानं बोलली व्हती, खरा नाय धरायचा."

भातं कापून झाली, भाऱ्यांच्या उडव्या रचल्या, खळ्यावर झोडणी आली. काकूच्या खळ्याला लागून गिरजाचं खळं, मधे फक्त एक बांध. गिरजा म्हणजे बायकांतला धाकलूकाका. दिवसभर मान खाली घालून काम. आणि तिचा नवरा जयराम म्हणजे पुरुषांतली रखमी. एका सकाळी तो गिरजाला शेजारच्या गावातल्या बैलाची गोष्ट तिसऱ्यांदा सांगत होता. गिरजानं हातातला भारा खाली ठेवला आणि बांधावरून हाक मारली, "रखमे, चार दिस तुझा मालक माझ्या खळ्यावर दे गो. माझे कान किटले."

बायका फिसकन हसल्या. काकू मागे हटणारी नव्हती. "ने की! आन जयरामभावजींना इकडं धाड. दगडासोबत काम करून मी पन कंटाळली."

"टीव्हीतल्यासारका?" ठकीनं विचारलं.

"अगो, झोडायापुरता! सांजच्याला आपापल्या घरी," काकू म्हणाली.

दोघा पुरुषांना कोणी विचारलं नाही. धाकलूकाकानं टोपी घातली आणि बांध ओलांडला.

पहिला तासभर काकू खूष होती. जयरामनं तिच्या चहाची तारीफ केली, बैलाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. पण काकूनं तोंड उघडलं की तो पुढचं वाक्य आधीच सुरू करायचा. आयुष्यात पहिल्यांदाच तिला मधे शिरायला फट सापडेना. आणि बोलताना जयरामचे हात थांबायचे. दुपारपर्यंत या खळ्यावर अकरा भारे झोडून झाले. पलीकडे काका आणि गिरजा एका तालात, एक शब्द न बोलता, भाताची रास वाढवत होते.

तेवढ्यात काका काहीतरी बोलला. आणि गिरजा हसली. गालातल्या गालात नाही, पोट धरून. मग काकानं कळशी उचलली आणि तिच्या ओंजळीत पाणी ओतलं.

काकूचा हात वरच्या वर राहिला. "काय बोलला तो?"

जयरामही तिकडंच बघत होता. त्यानं गिरजाला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. मग पाड्यातली सर्वांत बोलकी दोन माणसं बांधाकडे तोंड करून मुकाट बसून राहिली.

संध्याकाळी काकूनं भाकरी ताटात वाढली नाही, आपटली.

"काय बोललास तिला?"

"कवा?"

"हसली ती!"

"काय नाय." काकानं भाकरी मोडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालिकेत रडकी खिडकीशी उभी होती. ठकी सवयीनं बोलली, "लागली बघ रडायला!" तर काकू तिच्या अंगावर गेली. "रडू दे तिला! तिच्या जिवाला काय व्हतंय तुला काय कलतंय?" आणि पदरानं डोळे पुसले. वीज गेल्यावर बायका वाट बघत बसल्या, पण त्या दिवशी उरलेली अर्धी कोणी सांगितलीच नाही.

तिसऱ्या दिवशी काकूनं सकाळीच बांध ओलांडला. काका बैलांना पाणी पाजायला गेला होता.

"गिरजे, खरा सांग. परवा तो काय बोलला?"

गिरजानं तिच्याकडे नीट पाहिलं आणि तिला पुन्हा हसू फुटलं. "अगो, तुझीच गोष्ट. आटगावात सलूनवाल्याकडं बॅटरी हाय ना, तिथं टीव्ही चालू ऱ्हातो, सकालच्याला कालचा भाग परत लागतो. भावजी दाढीला जातात तवा पुरी मालिका बघून येतात. बोलले, उंच्यानं लगीनच नाय लावला. चष्मेवाला ठणठणीत हाय. सगला रखमीच्या डोक्यातला."

काकूचे कान लाल झाले. "आन तू हसलीस?"

"पुडचा ऐकून हसली. बोलले, टीव्हीवाल्यांची गोष्ट पानचट हाय. रखमीची बरी. म्हनून सलूनातनं पलत येतो आन गोठ्यात बसून तिची ऐकतो."

काकू खाली बसली. हसावं की भांडावं हे तिला ठरवता येईना. तेवढ्यात काका बैल घेऊन आला, तेव्हा तिनं भांडण निवडलं.

"माझी गोष्ट चांगली हाय, हा मला सांगायला काय झाला व्हता? तिला सांगतोस!"

काकानं बैल बांधला, कासरा ओढून बघितला. "ती गप असते," तो म्हणाला. "तुझ्यात मधी जागा कुटं असते?"

त्याच दुपारी नवरे परत झाले. जयराम बांध ओलांडून गिरजाच्या खळ्यावर गेला आणि एकही शब्द न बोलता भारे झोडू लागला. पाचव्या भाऱ्याला गिरजाच म्हणाली, "काय झाला? बोला की कायतरी." त्याला इतकं बरं वाटलं की बैल पुन्हा पहिल्यापासून निघाला.

इकडे काकूनं तोंड घट्ट मिटून घेतलं होतं. मग काकानं घसा साफ केला आणि लग्नाच्या आधी तो तिला बघायला आला होता त्या दिवसाचं सांगू लागला. तिच्या बापानं दिलेला पाट कसा मोडका होता, आपण सगळा वेळ एका अंगावर तोल धरून कसे बसलो होतो, आणि त्यामुळं पोरगी नीट बघताच आली नाही. चोवीस वर्षांत हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. काकू ऐकत होती. एक भारा झाला, दोन झाले, सात झाले.

आठव्याला तिला राहवलं नाही.

"मोडका नव्हता तो," ती म्हणाली, "माझ्या बानं नवा करून घेतला व्हता!" आणि त्या पाटाची गोष्ट तिनं स्वतः सांगायला घेतली.