पटवायचंय की हरवायचंय?

परळच्या फुटपाथवर बसणारा तो टायपिस्ट गिऱ्हाइकाकडे न बघताच विचारायचा, "पटवायचंय की हरवायचंय?"

संप फिसकटला होता. वडिलांना गिरणीत परत घ्यावं म्हणून मी अर्ज लिहून नेला. कॉलेजात वादविवादाचा कप मिळवलेला माणूस मी! संप कसा न्याय्य होता, हे सात मुद्द्यांत सिद्ध केलेलं. त्यानं सुपारी कातरत सगळं वाचलं.

"बिनतोड आहे. साहेब हरेल. पण हरलेला साहेब नोकरी देतो काय रे?"

मग दोन बोटांनी त्यानं चार ओळींची विनंती टाइप केली. माझ्या हट्टापायी ते सात मुद्देही केले, घरी ठेवायला.

गिरणीच्या गेटवर कागद देऊन निघालो. नाक्यावर खिसा चाचपला, तर विनंती खिशातच. साहेबाकडे गेले होते सात मुद्दे!

धावत त्याच्याकडे आलो. त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं आणि भरदुपारी टाइपरायटरवर झाकण घातलं.

"चल. साहेबानं वाचायच्या आत गाठू."

वाटेत विचारलं, "बाप खोकतो का?"

"नाही, काका."

"आजपासून खोकतो. आणि तिथं तू तोंड उघडू नकोस."