चोरीचा मोगरा

समोरच्या काकू कुणाच्या कुंडीपाशी बोलत उभ्या राहिल्या की मी त्यांच्या हातांकडे बघायचे. पदराआड कात्री असायचीच. मागून आणलेली फांदी जळते, चोरून आणलेली हमखास लागते, यावर त्यांचा ठाम विश्वास. माझ्या आईने लावलेल्या मोगऱ्याची फांदीही त्यांनी अशीच नेली. तेव्हापासून मी त्यांच्याशी बोलत नव्हते.

यंदा सोलापूरच्या उन्हाने आईचा मोगरा मुळासकट वाळला. काकूंचा मात्र फुलला होता. शेवटी त्यांच्या अंगणात जाऊन उभी राहिले. तोंड उघडलं, तोच त्या म्हणाल्या, "मागू नको. लागायची न्हाय."

मग कात्री कठड्यावर ठेवून, "फांदी कोंबाच्या डोळ्याच्या खाली तिरकी कापायची असती," असं भिंतीला सांगितल्यासारखं बोलल्या आणि पाठ फिरवून आत गेल्या.