सफुराकाकूंची ओली गोधडी

आमचे शेजारी मत्याकुब म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर. उझबेकिस्तानातल्या खिवा शहरातल्या राहत्या घरात त्यांनी लाकूड कोरणारं कॉम्प्युटरचं यंत्र स्वतः जुळवलंय. यंत्र दीड मीटरचं आणि गिऱ्हाइकांना दारं हवीत तीन मीटरची! म्हणून फळी अर्धी कोरायची, मग पुढे सरकवून उरलेली. कोरलेलं टोक खिडकीतून अंगणात येतं.

एकदा यंत्र चालू असताना त्या टोकावर त्यांच्या बायकोनं, सफुराकाकूंनी, ओली गोधडी वाळत टाकली. फळी हलली आणि नक्षीची वेल मधोमध बोटभर चुकली.

"अगं, ही काय दोरी आहे?" मास्तर कडाडले.

"मग खिडकी काय तुमच्या यंत्राच्या बापाची आहे?"

चार दिवस खपून मास्तरांनी तुतीच्या लाकडाच्या तुकड्यातून हातानं डाळिंब कोरलं आणि चुकलेल्या जागेवर बसवलं.

दार न्यायला आलेल्या हाजींचा हात वेलीवरून फिरत आला आणि डाळिंबावर थांबला. "बाकीचं छानच आहे हो. पण हे जिवंत वाटतं. दुसऱ्या दारालाही लावा."

आता फळीचं टोक खिडकीबाहेर आलं, की मास्तर स्वतःच हाक मारतात, "सफुरा, काही वाळत घालायचंय का गं?"