जनीकाकी बार भरते तेव्हा

संगमेश्वरपासून आत, आमच्या वरच्या वाडीत बंदुकीचा परवाना एकाच घरात आहे, आणि तो जनी धुमक या बाईच्या नावावर आहे. नवरा काशीराम वारला तेव्हा त्याची ठासणीची बंदूक सरकारजमा झाली होती. ती परत मिळवायला जनीकाकी कचेरीत गेली. तिथल्या साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "आजी, चालवता तरी येते का?"

"हितंच चालवून दाखवू?"

साहेबांनी कागद पुढे ओढले.

शिकारीचं तिला काही नाही. वानरं काजूत, फणसात शिरली की ती अंगणातून आभाळाकडे एक बार काढते. छर्रा घालत नाही. नळीत दारू, वर काथ्याचा बोळा, गजाने ठासलं की झालं. नुसत्या आवाजाने कळप पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या पलीकडे पळतो.

मात्र बार भरताना ती बोलत नाही आणि दुसऱ्या कुणाला बोलू देत नाही. त्याला कारण काशीराम. माणूस बोलघेवडा. एकदा बार भरत असताना कुणीतरी त्याच्या बैलाची चौकशी केली. त्याने बैलाचा जन्मापासूनचा इतिहास सांगितला, आणि दारू घालून झाली आहे हे विसरून वर पुन्हा घातली. बार उडाला तेव्हा पडवीची तीन कौलं खाली आली आणि काशीरामचा खांदा पिकल्या जांभळासारखा झाला. गावाला त्याने सांगितलं, फणसावरून पडलो.

तेव्हापासून काकीने शिस्त लावून घेतली. दारू मोजायला वेळूचं एकच नळकांडं. गजावर दोन खुणा: रिकाम्या नळीत गज कुठवर जातो त्याची एक, एक बार भरल्यावर कुठवर जातो त्याची दुसरी. ठासून झालं की खूण बघायची. आणि मध्येच कुणी बोललं, तर नळीतली दारू पुन्हा डबीत ओतायची आणि पहिल्यापासून सुरुवात.

गेल्या वर्षी तिचा धाकटा दीर गुरुप्रसाद मुंबईची नोकरी संपवून कायमचा गावी आला. त्याला सगळ्यातलं कळायचं. मोबाईल होता ना. चैत्रातल्या एका सकाळी वानरं फणसावर उतरली, काकी बंदूक घेऊन अंगणात बसली, आणि हा शेजारी येऊन उभा राहिला.

"वैनी, अमेरिकेत यंत्र असतं. दांडा ओढला की तयार काडतूस बाहेर! दारू आपोआप पडते."

काकीने मुकाट्याने नळीतली दारू डबीत ओतली. पुन्हा सुरुवात केली.

"तासाला पाचशे काडतुसं, वैनी!"

पुन्हा ओतली.

"बोला की काहीतरी!"

तिसऱ्यांदा ओतून काकी म्हणाली, "यंत्र मध्येच अडकलं, तर दारू पडली का दोनदा पडली, ते कोण बघतो?"

"बघायचं कशाला? यंत्र हाय ना!" गुरुप्रसाद हसला. "तुमच्या या खेळात मी दहा बार भरले असते."

एव्हाना शेजारची नम्रता आणि खालच्या वाडीतला दादू गडग्याच्या दगडी बांधाशी येऊन उभे राहिले होते. काकीने वर बघितलं. तिचे डोळे बारीक झाले की वाडीतले शहाणे लोक घरी जातात.

"भरा मग, भावजी. थांबा, डबी भरून आणते."

ती घरातून डबी घेऊन आली. गुरुप्रसादने मांडी ठोकली. नळकांडं भरून त्याने नळीत ओतलं. काकीने मायेने विचारलं, "गुडघा कसा हाय आता?"

गुडघ्याचं सांगता सांगता डॉक्टरचं निघालं, डॉक्टरवरून सोसायटीच्या लिफ्टचं. बोलता बोलता त्याने दुसरं नळकांडं ओतलं, बोळा घातला आणि दणादण ठासलं.

"झालं! दीड मिनिट!"

काकीने गज नळीत सोडला. एका बाराची खूण नळीच्या तोंडापासून चार बोटं वर उभी राहिली.

"दोन घातल्यात."

"एकच!"

"मग खांद्याला लावा."

गुरुप्रसादने बंदूक उचलली. गजाकडे बघितलं. पडवीच्या कौलांकडे बघितलं. शेवटी बंदूक हलकेच खाली ठेवत तो पुटपुटला, "वैनी, दोन पडल्या असतील. मी लिफ्टमध्ये अडकलो होतो."

"आता कसं बोललात!"

काकीने डबीत बोट बुडवलं आणि ते दातांवरून फिरवलं.

"वैनी! दारू हाय ती!" गुरुप्रसाद किंचाळला.

"मिश्री हाय," काकी दात घासत म्हणाली. "तुमच्या हातात खरी दारू द्यायला मी काय खुळी हाय?"

दादू गडग्यावरून हसत हसत पलीकडे पडला. नम्रताने पदर तोंडात कोंबला. वानरांनी तेवढ्यात दोन फणस फोडून खाल्ले, ते कुणाला दिसलंच नाही.

नळीतली मिश्री काढायला काकीला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी वानरं पुन्हा आली. काकी अंगणात बसली, तर गुरुप्रसाद आधीच गडग्याशी उभा होता, तोंडावर बोट ठेवून. दादू काही विचारणार, एवढ्यात त्याने त्याला डोळे वटारून गप्प केलं. काकीने एक नळकांडं ओतलं, बोळा ठासला, खूण बघितली. बरोबर. मग घोड्याखाली केपाची टिकली बसवून आभाळाकडे बार काढला.

पऱ्या दुमदुमला. वानरं शेपट्या उभारून पळाली, आणि थेट गुरुप्रसादच्या पपईत शिरली.

"वैनी, आता?" तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

"जरा दम धरा," काकी म्हणाली. "नळी गार होऊ दे."