क्लास फोरचा अनुभव

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी हेडक्लार्कना सगळी गल्ली हेडक्लार्क म्हणूनच ओळखत होती, आणि ते स्वतःही स्वतःला तसंच ओळखत होते. त्यांची हयात आस्थापना शाखेत गेली. कुणाला कुठे बसवायचं, कुणाला कुठून उठवायचं, कुणाची बदली कुठल्या कोपऱ्यात करायची, हे त्यांचं काम. सही साहेबांची असायची, मेख हेडक्लार्कनी मारलेली असायची. तोंडावर त्यांनी कधी कुणाला दुखावलं नाही. ज्याच्यावर राग असेल त्याला ते नियमात बसवून, आदबीनं, त्याच्याच भल्याचं आहे असं दाखवून पाठवायचे. तो बिचारा आभार मानत जायचा आणि तिथे पोचल्यावर कपाळाला हात लावायचा.

त्यामुळे माणसाकडे बघायची त्यांना एकच रीत ठाऊक होती. समोरचा क्लास वन, टू, थ्री की फोर? डॉक्टर वन, दूधवाला फोर, वरच्या मजल्यावरचा भाडेकरू टूमध्ये अडकलेला. ते स्वतः थ्रीमध्ये लागले आणि थ्रीमध्येच निवृत्त झाले. धाकटा भाऊ मात्र क्लास वन. दोघं एकाच वर्षी एकाच परीक्षेला बसले होते. धाकटा पास झाला, हे नापास झाले, कारण यांच्या डोक्यावरचा पंखा बंद होता. तो पंखा त्यांच्या घरात अजून बंदच आहे. चार पाहुणे जमले की त्याचा विषय निघतोच.

यथावकाश धाकटाही निवृत्त झाला. एके दिवशी तो दादाकडे आला आणि मोबाइलवरचे फोटो दाखवू लागला. अरुंद, लांबट बोट, तिला कयाक म्हणतात. तिच्यात कमरेपर्यंत अडकून बसलेला माणूस, हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं, आणि भोवती नुसता फेस. डोंगरातून आपटत उतरणाऱ्या नदीतून या बोटी चालवतात, म्हणाला. खुर्चीत बसून बसून अंगाला गंज चढलाय, जन्मभर काठावरच राहिलो, आता एकदा हे करायचंच. "दादा, तू ठरव सगळं. नियोजनात तुझा हात कोण धरणार?"

हेडक्लार्कनी चष्मा काढून पुसला. इतक्या वर्षांनी का होईना, एका क्लास वन अधिकाऱ्याची बदली त्यांच्या हातात आली होती.

ते कामाला लागले. जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरले, बायकोला ताटं ओट्यावर वाढावी लागली. त्या नदीवर बोटी चालवणाऱ्यांचा एक तळ होता, त्याची माहिती त्यांनी मिळवली. नदीचे टप्पे पाडलेले होते आणि प्रत्येक टप्प्याला वर्ग दिलेला होता. क्लास वन, टू, थ्री, फोर. हे वाचून हेडक्लार्कना नदीबद्दल एकदम आपुलकी वाटली. खाली बारीक अक्षरांत खुलासा होता, पण जे हयातभर पाठ आहे त्याचा खुलासा कोण वाचत बसतो? क्लास वन म्हणजे सगळ्यांत जबरदस्त, माणसाला दारात उभं न करणारं पाणी. क्लास फोर म्हणजे गरीब, अंग चोरून कडेनं जाणारं पाणी.

आणि आदेश निघाला. धाकट्याला क्लास वन. दर्जाला शोभेल असाच, कुणाला बोट ठेवायला जागा नाही. भावाचा जीव जावा असं काही त्यांच्या मनात नव्हतं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. दोन-चार गटांगळ्या खाव्यात, चष्मा वाहून जावा, साहेबांनी थरथरत काठाला लागावं आणि आपण कोरड्या अंगानं टॉवेल घेऊन उभं असावं, इतकीच त्यांची अपेक्षा होती. स्वतःला आणि बायकोला त्यांनी क्लास फोर घेतला. मान कमी, पण सुरक्षित, अशी तिची समजूतही काढली. ती म्हणाली, मला मानाचं काय करायचंय, जिवंत घरी आणा म्हणजे झालं. जाऊबाईंनी गुडघ्यांचं कारण सांगून आधीच सुटका करून घेतली होती.

मग हेडक्लार्कनी तळावर फोन लावला. तिथे बोटी शिकवणारी मुलगी फोनवर आली. क्लास वनचं नाव तिनं मुकाट्यानं लिहून घेतलं. फोर म्हटल्यावर मात्र ती अडखळली.

"काका, क्लास फोरचा अनुभव आहे तुम्हाला?"

"मला विचारताय? अख्खी हयात क्लास फोर हाताळण्यात गेली माझी."

"अंगावर आलं तर काय करता?"

"अंगावर येणारच. आपण घाबरलोय असं दाखवायचं नाही. जरा वाकून घ्यायचं आणि हळूच आपल्याला हवं तिकडे वळवायचं."

"आणि पलटी?"

"पलटीचं काय घेऊन बसलात? सकाळी एक, दुपारी दुसरी. जागच्या जागी सरळ करायचो मी."

मुलीनं असा माणूस आयुष्यात पाहिला नव्हता. काकूंचं काय, असं तिनं विचारलं, तर हेडक्लार्क म्हणाले की ती माझ्याच हाताखाली तयार झालीय.

ठरल्या दिवशी तिघं तळावर पोचले. पत्र्याची शेड, खुंट्यांवर हेल्मेटं, ओल्या जॅकेटांचा कुबट वास. धाकट्याला जॅकेट चढवता चढवता मुलीनं त्याचा टप्पा कसा आहे ते समजावून सांगितलं आणि त्याचा ताणलेला चेहरा सैल झाला. हेडक्लार्कना तिनं सगळ्यांत चांगलं वल्हं काढून दिलं आणि पुढे तुम्हीच राहा, काकू आणि मी तुमच्या मागून येतो, असं सांगितलं. तुम्ही पुढे व्हा असं त्यांना नोकरीत कुणी कधी म्हटलं नव्हतं. ते सुखावले. मग एकदा पाणी बघून घेऊ म्हणून ती सगळ्यांना एका उंच खडकावर घेऊन गेली.

खाली नदी दोन कड्यांच्या मधे चेपली गेली होती. बोललेलं ऐकू जाईना. वरून एक ओंडका आला, दगडावर आपटला, पाण्यात सरळ उभा राहिला, खाली गेला आणि पुन्हा दिसलाच नाही. हेडक्लार्कनी धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ओरडून सांगितलं, की घाबरू नकोस, हा तुझा क्लास वन.

मुलीला वाटलं काका गंमत करताहेत. वन तिकडे वळणापलीकडे, ती म्हणाली, शाळेची पोरं बसलीत ना बोटीत, ते संथ पाणी. हे तुमचं फोर. फक्त आधी शेडजवळच्या डोहात एकदा पलटी मारून दाखवा. बोट उलटी करायची आणि पाण्याखालून सरळ व्हायचं. तुमच्या बाबतीत नुसता उपचार, पण नियम आहे.

हेडक्लार्कनी जन्मभर दुसऱ्यांना नियम दाखवला होता. आज नियम त्यांच्याकडे पाहत होता.

तेवढ्यात धाकट्यानं त्यांचा हात धरला. त्याचे डोळे भरून आले होते. त्यानं त्यांना आवाजापासून जरा मागे नेलं. "दादा, सोपं पाणी मला दिलंस आणि हे स्वतः घेतलंस. मी मात्र समजत होतो, त्या परीक्षेचं तुझ्या मनात अजून आहे."

आता दोनच वाटा होत्या. एक खाली जात होती, जिकडे ओंडका गेला. दुसरी म्हणजे चूक झाली म्हणायचं, आणि चूक सांगितली की ओंडक्याच्या वाटेनं आधी कुणाला पाठवायचं ठरलं होतं, ते न सांगता उघड होणार होतं. खरं सांगायचं तर, बुडून जाण्याचा हेडक्लार्कनी काही क्षण गंभीरपणे विचार केला.

बायको त्यांच्याकडे बघत होती. असे आदेश घरच्या टेबलावर तयार होताना तिनं संसारभर पाहिले होते. तिला सगळं कळलं होतं. ती हळूच म्हणाली, "अहो, मी इथे उतरणार नाही, आणि तुम्हीही उतरणार नाही. बोला आता."

"चुकलं," हेडक्लार्क म्हणाले. "मला वाटलं, वन म्हणजे सगळ्यांत मोठं."

मुलगी हसली. धाकटाही हसायला लागला आणि मधेच थांबला. अधिकाऱ्याला कागद समजायला वेळ लागतो, पण समजतो. त्यानं खालच्या पाण्याकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं आणि त्यांचा हात सोडला.

सगळे शेडमध्ये परत आले. मुलीनं क्लास वनसाठी दोघांची एक बोट काढली. धाकटा पुढे बसला आणि म्हणाला, "बस मागे." बायकोनं मात्र स्वतःसाठी वेगळी बोट मागून घेतली, आणि ती शाळेच्या पोरांबरोबर निघूनही गेली.

अशा रीतीनं हेडक्लार्क अखेर क्लास वनमध्ये लागले. भावाच्या शब्दावर, मागच्या जागेवर. तिथे काहीच करावं लागत नव्हतं. पाणी आपणहून पुढे नेत होतं, बोट हलतही नव्हती. आपल्या सगळ्या साहेबांच्या नोकऱ्या कशा पार पडल्या असतील हे त्यांच्या आज लक्षात आलं. हे धाकट्याला सांगावं, म्हणजे तो जरा हसेल, असं त्यांना वाटलं. लाज त्यांना वाटत होतीच, पण तो हसला असता तर ती सोसवली असती.

ते तोंड उघडणार तोच धाकटा मान न वळवता बोलला. "मला पोहता येत नाही, दादा. तुला माहीत होतं."

ऑफिसातल्या प्रत्येकाची रुजू झाल्याची तारीख हेडक्लार्कना अजून पाठ होती. लहानपणी तलावात धाकटा नाकातोंडात पाणी जाऊन ओरडत होता, तेव्हा त्याला केस धरून बाहेर ओढणारे तेच होते. त्यानंतर तो कधी पाण्यात उतरला नव्हता.

"माहीत होतं," ते म्हणाले.

धाकटा वल्हं मारत राहिला. क्लास फोरमध्ये असते तर पाण्याच्या आवाजात हे कुणाला ऐकू आलं नसतं. इथे दोघांनाही शब्द न् शब्द ऐकू आला, आणि अजून बरीच नदी पुढे होती.