उजनीच्या पाण्यावरचा पतंग

जेऊर स्टेशनवर उतरलो, तेव्हा चहावाल्याने आमची लांबलचक पिशवी न्याहाळत विचारलं, "तंबू हाय व्हय?"

"पतंग आहे," माझी भाची रेवा म्हणाली.

तो हसला. त्याला थट्टा वाटली असावी.

रेवा दक्षिणेतल्या समुद्रावर पतंगाच्या ओढीने फळीवरून पाणी कापायला शिकून आली होती. मी शुक्रवार पेठेतली, पंचेचाळिशीची, पोहता येणारी. तेवढ्या भांडवलावर तिच्यासोबत निघाले होते. टमटमने उजनीच्या फुगवट्यापर्यंत (धरणाच्या मागे पसरलेलं पाणी) पोहोचलो. पाणी मागे हटलेलं, काठावर कोवळं गवत, त्यात मेंढरं. वारा पाण्याकडून काठाकडे येत होता.

"वाऱ्याकडे पाठ कर, मावशी," रेवाने शिकवलं. "आता पतंग डोक्यावर असला किंवा पार डावी-उजवीकडे असला, तर ओढ कमी. तुझ्या नाकासमोर खाली आला, की सगळ्यात जास्त."

मला समजलं. हातांना नाही. काठावर सराव करताना तिसऱ्याच फेरीत पतंग समोरून सरकन खाली आला आणि मी घाबरून त्याच्या दोऱ्या बांधलेली हातातली दांडी छातीशी ओढली. ओढ दुप्पट झाली. चिखलातून दहा-बारा हात फरफटत गेले.

"दांडी सोड!" रेवा ओरडली. सोडली, तसा पतंग ढिला पडला. तो कमरेच्या पट्ट्याला बांधलेला होता, कुठे जाणार?

दुपारी कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. तिथले मेंढपाळ बिरूमामाही बसले. त्यांनी लोटीभर ताक दिलं.

जेवणानंतर मी तरंगायचं जॅकेट घालून कमरेएवढ्या पाण्यात उतरले. पतंग डोक्यावर स्थिर होता, आणि मी खूश. नजर वर असल्यामुळे खालचं काही कळलंच नाही.

"ओ ताई!" बिरूमामा काठावरून ओरडले. "वारा फिरलाय की! आता आत न्हील तुमाला!"

पाहिलं तर धूळ काठावरून पाण्याकडे येत होती. पतंग खोल पाण्यावर झुकला होता. छातीपर्यंत पाणी आलं. रेवा पळत येत होती, पण लांब होती.

मी दांडी सैल केली. नव्या वाऱ्याकडे पाठ केली. आता नाकासमोर खोल पाणी; पतंग तिथे खाली येऊ द्यायचा नव्हता. हळूहळू तो डोक्यावर घेतला, मग डाव्या कडेला नेला. ओढ उतरली. टाचा चिखलात रोवत, एकेक पाऊल मागे टाकत, मी काठाला लागले. रेवाने पतंग धरला आणि मग मला.

"लई भारी ताई तुमी," बिरूमामा म्हणाले. "पर आज बास."

बासच केलं.

घरी पोचल्यावर यांनी विचारलं, "जमलं का?"

"फळीवर पायसुद्धा ठेवला नाही," मी म्हटलं. "पण वारा उलटला तेव्हा माझी मी बाहेर आले."

यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. मला मात्र त्या रात्री फार छान झोप लागली.