माझ्या फाइलीतली एक ओळ

कॅम्प भागातल्या एका घरी मी सकाळी आठला पोचलो. घरातल्या आक्का कन्नड कागदपत्रांचं मराठी भाषांतर करून द्यायच्या. जमिनीचे उतारे, खरेदीपत्रं, कोर्टाच्या नोटिसा. विशीतच त्यांची नजर गेलेली. कॉम्प्युटर स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवायचा, त्या ऐकायच्या आणि टाइप करायच्या. त्या दिवशी साडेअकराला भाषांतराच्या कामासाठी एका कंपनीची ऑनलाइन चाचणी होती. तिचं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवर चालत नव्हतं, आणि ते आदल्या संध्याकाळी कळल्यावर त्यांनी मला फोन केला होता.

"होईल न्हवं रं?" त्यांनी विचारलं.

"दीड तासाचं काम, आक्का."

मी कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करतो. माझ्याकडे एक पेनड्राइव्ह होता, त्यात मी माझ्या पद्धतीनं तयार केलेली विंडोज. कॉम्प्युटर जुना असला की नवी विंडोज बसायला नकार देते. तेव्हा विंडोजच्या सगळ्या सेटिंग जिथं नोंदलेल्या असतात त्या रजिस्ट्रीत दोन-तीन नोंदी घालायच्या, मग ती मुकाट पुढं जाते. शेवटी माझी एक फाइल आपोआप चालायची आणि रजिस्ट्रीत आणखी शंभरेक बदल करायची. जाहिराती बंद, नको ते प्रोग्रॅम बंद. त्या फाइलीचा मला अभिमान होता.

साडेनवाला विंडोज बसली. वाचून दाखवणारा प्रोग्रॅम टाकला, सुरू केला. आवाज नाही.

स्पीकरच्या चित्रावर लाल फुली होती. जुना मदरबोर्ड, त्याचा आवाज चालवणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, मिळाला नसेल, असं मी धरून चाललो. एक ड्रायव्हर टाकला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. दुसरा टाकला. हेडफोन बदलला. साडेदहा वाजले. आक्का माझ्या शेजारी ताठ बसल्या होत्या, बोटं कीबोर्डच्या कडेवर.

"काय करालास ते सांगत जा की. मला नुसती टकटक ऐकू येत्येय."

"ड्रायव्हर बघालोय."

"मघापासनं तेच म्हणालास."

माझ्या मानेवरून घाम उतरत होता. स्क्रीन माझ्यासाठी उजळलेली होती. त्यांच्यासमोर मात्र एक मुकं खोकं ठेवून मी बसलो होतो.

पावणेअकराला त्यांनी विचारलं, "काल हा बोलत होता. काल आणि आज यात बदललं काय?"

"विंडोज. आणि माझी फाइल."

"काय हाय त्या फाइलीत?"

"बारक्या बारक्या ओळी, आक्का. शंभरभर. तुम्हाला काही कळायचं नाही त्यातलं."

"वाच."

मी फाइल उघडली आणि वाचायला लागलो. त्या ओळी मी इतक्यांदा पाहिल्या होत्या की नजर त्यांच्यावर थांबतच नव्हती. मोठ्यानं वाचताना मात्र प्रत्येक शब्द उच्चारावा लागत होता. चाळीस-पन्नास ओळी झाल्या असतील.

"थांब. आत्ता काय म्हणालास? ऑडिओ?"

मी परत वाचलं. ऑडिओ सर्व्हिस, स्टार्ट, चार. चार म्हणजे कायमची बंद.

निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्यानं मला सांगितलं होतं की ऑफिसातली माणसं दिवसभर व्हिडिओ बघतात, आवाजच बंद करून टाका. त्यांच्यासाठी घातलेली ओळ मी काढायला विसरलो होतो.

चारच्या जागी दोन केलं, म्हणजे आपोआप सुरू. कॉम्प्युटर परत चालू व्हायला लागलेली ती दोन मिनिटं मला आजही आठवतात. मग स्पीकरमधून तो सपाट, यांत्रिक आवाज आला. आक्कांनी डोळे मिटले आणि लांब श्वास सोडला.

"ती ओळ कुणी घातलती?"

खोटं बोलता आलं असतं. "मीच," मी म्हणालो.

अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. चाचणीचं सॉफ्टवेअर टाकून दिलं आणि मी बाहेर पायरीवर जाऊन बसलो. दाराआडून तो आवाज भराभर वाचत होता, मध्येच थांबत होता, मग कीबोर्ड वाजत होता.

दीड वाजता त्या बाहेर आल्या. "शेवटचा परिच्छेद राहिला. सुरुवातीला लक्षच लागंना, त्यात वेळ गेला." मी मान खाली घातली. "बाकी बरं झालंय," त्या म्हणाल्या. "चहा घेऊन जा."

पंधरा दिवसांनी आक्कांचा फोन आला, त्या कंपनीचं काम मिळालं म्हणून. मला फार हलकं वाटलं, पण सुटल्यासारखं नाही वाटलं. तोच पेनड्राइव्ह मी आणखी कुठं कुठं वापरला होता, त्याची यादी काढली. बोरगावच्या एका शाळेत चार कॉम्प्युटर होते. तिथल्या बाईंना फोन केला, तर म्हणाल्या, "व्हय की, आवाज येतच न्हाय. स्पीकर बिघडले म्हणून कपाटात ठेवलेत."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी बोरगावला गेलो.